पोरगं गळालं की गाळलं?

सरकारी कागदात एक शब्द आहे : ड्रॉपआउट. आपली पोरं शाळेतून कमी झाली तेव्हा हाच शब्द वापरला. शिकलेल्यांनी त्याचं मराठी केलं : गळती. जसं काही पोरगं म्हणजे मडक्यातलं पाणी. आपोआप ठिबकलं, आपोआप संपलं. मडक्याला भोक कुणी पाडलं, हे मात्र कुणी विचारायचं नाही.

तोच शब्द आता लसीकरणात आहे. पहिला डोस घेतला, तिसऱ्याला आलं नाही, तर ते पोर ड्रॉपआउट. एकही डोस नाही, तर लेफ्टआउट. आणि हे रजिस्टर आता नुसतं वहीत राहिलेलं नाही. ते मोबाईलमध्ये शिरलंय. वहीत जे खोटं होतं ते मोबाईलमध्ये गेल्यानं खरं होत नाही, दोस्तांनो. फक्त दिल्लीला लवकर पोचतं.

म्हणून आज सुई आणि मोबाईल या दोघांबद्दल बोलायचंय. हा विषय डॉक्टरांचा, आपला नाही, असं ज्याला वाटतं त्यानं आकडा ऐकावा. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार २०२३ साली भारतात सुमारे १६ लाख बाळं अशी होती, की ज्यांना घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांच्या लसीचा पहिला डोससुद्धा मिळाला नाही. २०२४ साली हा आकडा ९ लाखांच्या आसपास आला. सरकारनं पाठ थोपटून घेतली. घेऊ द्या. कमी झाला हे चांगलंच झालं. पण उरलेली ही नऊ लाख पोरं कुणाची? मलबार हिलवरची नाहीत. ती पाड्यावरची, तांड्यावरची, वीटभट्टीवरची, गावकुसाबाहेरची, नाल्याकाठच्या झोपड्यांतली आहेत. हे सांगायला संशोधक लागत नाही.

या पोरांमागं गेल्या दीड दशकात मोबाईलची फौज लावली गेली. २००९ साली गरोदर बाई आणि बाळ यांची नावनिशीवार नोंद कॉम्प्युटरवर घ्यायला सुरुवात झाली. २०१५ पासून ई-विन आलं : कुठल्या केंद्रात लस किती, फ्रीजचं तापमान किती, हे मोबाईलवरून वर कळवायचं. २०१६ साली किलकारी आली : चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक, असे ७२ फोन. २०२३ च्या जानेवारीत काही जिल्ह्यांत यू-विन सुरू झालं आणि पुढं देशभर गेलं. बाळाची नोंद करा, पुढच्या डोसची आठवण मेसेजनं येईल, देशात कुठंही लस घ्या, सर्टिफिकेट मोबाईलवर.

आम्ही याच्या विरोधात नाही. यंत्राला शिव्या घालणं हे पोट भरलेल्यांचे चोचले. ऊसतोड्याचं पोर घ्या. दिवाळीच्या आसपास बीडमधून टोळ्या निघतात. पोर सहा आठवड्यांचं. लसीचं कार्ड गावाकडच्या पेटीत. फडावर, कधी कर्नाटकात, नर्सनं विचारलं की कुठला डोस झाला, तर ती माऊली काय सांगणार? अशा वेळी नोंद पोराच्या मागं फिरली, तर तो मोबाईलचा खरा उपयोग. ई-विनचंही तेच. लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते. फ्रीज बंद पडल्याचं वेळेवर कळलं, तर आपल्या पोरांना निकामी झालेली लस टोचली जात नाही. जे चांगलं त्याला चांगलं म्हणायला आपल्या बापाचं काय जातं?

प्रश्न वेगळाच आहे. मेसेज कुणाला जातो, आणि जाब कुणाला विचारला जातो?

बाईला मेसेज येतो : मंगळवारी डोस. ती मजुरी बुडवते. पोराला काखेला मारून तीन किलोमीटर चालत जाते. उपकेंद्राला कुलूप. कधी नर्स दुसऱ्या गावाला, कधी लसच आली नाही, कधी गाडीला डिझेल नाही. ती परत येते. पुढच्या महिन्यात जात नाही. यादीत तिच्या पोरापुढं 'बाकी' असा शिक्का. सत्रं किती ठरली आणि किती भरली हा आकडाही वर जातो, नाही असं नाही. पण तो साहेबाच्या टेबलावर जातो, तिच्या मोबाईलवर येत नाही. तिची चूक तिला महिन्याला कळवली जाते. सरकारची चूक तिला कधीच कळवली जात नाही. हे तंत्रज्ञान नाही, ही जुनीच सावकारी आहे. वही त्यांच्याकडं, अंगठा आमचा.

आता पुरावा. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या साथीदारांनी पाहणी केली. उपकेंद्रं कामाच्या वेळेतसुद्धा निम्म्याहून जास्त वेळा बंद सापडली. मग त्यांनी प्रयोग केला. त्याचे निकाल २०१० साली छापून आले. जिथं काहीच नवं केलं नाही त्या गावांत पूर्ण लसीकरण ६ टक्के. जिथं महिन्याच्या ठरल्या दिवशी न चुकता शिबिर भरवलं, तिथं १८ टक्के. आणि जिथं शिबिरासोबत दर डोसला एक किलो डाळ आणि सगळे डोस झाले की ताटं दिली, तिथं ३९ टक्के. या सगळ्यात मोबाईल कुठंय? कुठंच नाही. सरळ वाचा : ठरल्या दिवशी नुसतं दार उघडं ठेवलं, तर पोरं तिप्पट. बुडालेल्या मजुरीची किलोभर भरपाई दिली, तर सहापट. आमच्या आयाबाया अडाणी, त्यांना लसीचं महत्त्व पटत नाही, असं म्हणणाऱ्यांच्या तोंडावर हे आकडे मारा.

मग मोबाईलचं काय? तेही तपासून झालंय. याच बॅनर्जी-डुफ्लो मंडळींनी २०१६ ते २०१९ या काळात हरियाणाच्या सात जिल्ह्यांत तीन गोष्टी करून पाहिल्या. आठवणीचे मेसेज. डोस घेतला की मोबाईलचं रिचार्ज. आणि तिसरी गंमतशीर. गावाला विचारलं, तुमच्यात बातमी पसरवण्यात पटाईत कोण? त्या माणसांना मेसेज पाठवला की लसीकरणाचं चार लोकांना सांगा. सगळ्यात जास्त पोरं कुठं आली? जिथं तिन्ही गोष्टी एकत्र होत्या तिथं. कमी पैशात जास्त काम कुठं झालं? जिथं मेसेज आणि गावातली बोलकी माणसं एकत्र होती तिथं. नुसत्या मेसेजनं फारसं हललं नाही. म्हणजे मेसेजला पाय नसतात. गावातल्या विश्वासाच्या तोंडानं तो उचलला, तरच तो चालतो.

भारताबाहेर, पश्चिम केनियातल्या १५२ गावांतूनही हेच बाहेर आलं. निकाल २०१७ साली आले. काही गावांत काहीच नाही, काहींत नुसता मेसेज, काहींत मेसेज आणि वेळेवर डोस दिला की मोबाईलवरच ७५ शिलिंग, काहींत २०० शिलिंग. वर्षाच्या बाळांचं पूर्ण लसीकरण : काहीच नाही तिथं ८२ टक्के, नुसता मेसेज ८६, पंच्याहत्तर शिलिंगवाले ८६, दोनशेवाले ९०. ठामपणे सांगता येईल असा फरक फक्त दोनशेवाल्यांत निघाला. तिथं मोबाईलवर पैसे घेण्याची रीत खेड्यापाड्यांत रुजलेली, म्हणून हे जमलं. मोबाईलनं हुकूम आणला तर थोडं हलतं. मोबाईलनं बसभाडं आणि खाड्याचे पैसे आणले तर जास्त हलतं. यात न कळण्यासारखं काय आहे?

आता मोबाईल कुणाच्या हातात ते बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, खेड्यातल्या बायांपैकी ४६.६ टक्के बायांकडं स्वतः वापरायचा मोबाईल होता. निम्म्याही नाहीत. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या खेड्यातल्या बाया २४.६ टक्के. चारातली एक. बाकीच्यांच्या नावापुढं नंबर कुणाचा? नवऱ्याचा, दिराचा, शेजाऱ्याचा. नवरा सुरतेला नाहीतर भट्टीवर. आठवणीचा मेसेज त्याच्या खिशात वाजतो, पोर पाड्यावर आईच्या पदराखाली. रिचार्ज संपलं की नंबरही मेला. आणि मेसेज येतो कुठल्या भाषेत? भिलीत येत नाही, पावरीत येत नाही, कोरकूत येत नाही. किलकारी निदान बोलते तरी, वाचावं लागत नाही. पण ती एकतर्फी बोलते. तिसऱ्या दिवशी नाही, त्याच रात्री पोर तापानं फणफणतं, मांडी सुजते, सासू म्हणते, बघ, मारायला नेलं होतंस. अशा वेळी बाईला ऐकायचं नसतं, विचारायचं असतं. त्या रात्री जी बाई फोन उचलते आणि सांगते, घाबरू नको, लसीचा ताप आहे, अमुक औषध दे, नाही उतरला तर सकाळी मी येते, ती बाई पुढचा डोस वाचवते. ती बाई म्हणजे आशा. कुठलंही ॲप नाही.

नेटवर्कची कथा तर सोडाच. नंदुरबारच्या धडगाव, अक्कलकुव्यात नर्मदेच्या फुगवट्याकाठी अशा वस्त्या आहेत, जिथं रस्ता नाही, रेंज नाही. चिमलखेडीच्या अंगणवाडीसेविकेनं २०२० साली स्वतः नाव वल्हवून वस्त्या गाठल्या. वर्तमानपत्रांत फोटो आले, सत्कार झाले. सत्कार करणाऱ्यांपैकी कुणाला विचारावंसं वाटलं नाही, की हिला वल्हं का मारावं लागतं?

मोबाईलवर लस वाटली की ती कुणाकडं जाते, हे आपण डोळ्यांनी पाह्यलंय. २०२१ चा मे महिना आठवा. कोविडची लस, अठरा ते चव्वेचाळीस वयाला कोविनवर नोंदणी सक्तीची. शहरातली पोरं स्लॉट उघडताच बोटं आपटत बसली आणि नंबर कुठं लागला? ठाण्या-पालघरच्या खेड्यांतल्या केंद्रांवर. गाड्या घेऊन गेली, टोचून आली. गावचा माणूस आपल्याच दवाखान्यापुढं उभा राहून बघत बसला. ३१ मे २०२१ ला सुप्रीम कोर्टानं सरकारला विचारलं, खेड्यातला निरक्षर माणूस ॲपवर नोंदणी करणार कसा? पुढं थेट केंद्रावर नोंदणीची मुभा आली. धडा साधा आहे. रांग मोबाईलमध्ये नेली तर रांगेतले मागचे लोक रांगेबाहेर पडतात.

आणि ज्यांच्या जिवावर हे चाललंय त्यांचे हाल बघा. आशा २००५ पासून आहे. तिला पगार नाही, मोबदला. बाळाचे वर्षभरातले सगळे डोस झाले की पोरामागं १०० रुपये असा दर ठरवला गेला. वर्षभराच्या हेलपाट्यांचे शंभर रुपये! वर ऑनलाईन भरा, फोटो टाका, लोकेशन टाका. २०२१ साली हरियाणात आशांनी मोबाईलवरच्या पाळत ठेवणाऱ्या ॲपविरुद्ध आवाज उठवला. त्याच साली महाराष्ट्रात हजारो अंगणवाडीसेविकांनी सरकारनं दिलेले मोबाईल परत केले. तापतात, अडकतात, दुरुस्ती आमच्या पैशानं, आणि पोषण ट्रॅकर इंग्रजीत. २०२३ आणि २०२४ साली महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या. आझाद मैदानावर बसल्या. तुमच्यातल्या किती जणांनी तिथं चक्कर मारली? यातल्या कितीतरी बाया आपल्याच वस्तीच्या, कुणाची आई, कुणाची मावशी.

इथंच जात येते, ओढून आणावी लागत नाही. लसीचा इतिहासच बघा. १८०२ च्या जूनमध्ये मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली. हिंदुस्थानातली पहिली. तेव्हा फ्रीज नव्हता. एका पोराच्या दंडावरच्या फोडातली लस काढायची, दुसऱ्याच्या दंडात घालायची. अशी कित्येक दशकं चालली. यासाठी पोरं बहुतेक कुणाची वापरली? गरिबाची, खालच्या म्हटलेल्या जातींची. म्हणजे त्या काळची शीतसाखळी आमच्या पोरांचा दंड होता. आणि वरच्यांची तक्रार काय, तर त्या पोरांच्या अंगातलं आमच्या पोरांत नको! लस वाहून नेताना आम्ही पहिले. लस मिळताना शेवटचे.

ते जुनं झालं म्हणता? २०१० साली गुजरात-राजस्थानातल्या १२ गावांत दलित मुलांशी बोलून केलेली एक पाहणी आहे. औषध देताना स्पर्श टाळणं, घरात पाऊल न टाकणं, हे त्यात नोंदलंय. आता गावच्या नकाशावर या. सत्र कुठं भरतं? गावठाणात. देवळाच्या ओट्यावर, पुढाऱ्याच्या पडवीत. वस्तीवरची बाई तिथं शेवटी पोचते. तेवढ्यात गोवर-रुबेलाची बाटली संपलेली. ही बाटली पाच डोसांची, एकदा कालवली की चार तासांत संपवावी लागते, उरलेली फेकायची. एका पोरासाठी नवी फोडायला नर्स कचरते. 'पुढच्या महिन्यात ये.' मोबाईलवर पुन्हा : बाकी. आता सांगा, हे पोर गळालं की गाळलं?

हे सगळं खेड्यातलं, असं म्हणून शहरातल्या दोस्तांनी अंग झटकू नये. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोवंडीत गोवरानं पोरं मेली. तिथं रेंज होती. घरोघर मोबाईल होते. मंत्रालय डोंगरापलीकडं नव्हतं. अंतर किलोमीटरचं नसतं. कोण कुणाच्या दारात जायला तयार आहे, याचं असतं.

तर करायचं काय? मोबाईल फेकायचा नाही. त्याचं तोंड फिरवायचं. आजवर तो खालच्यांवर नजर ठेवतोय. त्यानं वरच्यांवर नजर ठेवली पाहिजे.

एक. सत्राची तारीख, जागा, आणि कुठल्या लसीचे किती डोस येणार, हे वस्तीतल्या प्रत्येक बाईला आधी कळलं पाहिजे. सत्र रद्द झालं तर तिला त्याच दिवशी फोन आला पाहिजे, कारणासकट, नव्या तारखेसकट. आणि तिच्या पोरापुढं 'आलं नाही' असं न लिहिता 'सत्र भरलं नाही' असं लिहिलं पाहिजे.

दोन. आकडे गाववार नकोत, वस्तीवार हवेत. गावाची सरासरी ही आमची पोरं लपवायची सगळ्यात सोपी जागा आहे. गावठाणात पंच्याण्णव टक्के आणि वस्तीत पन्नास, याची सरासरी काढून साहेब बक्षीस घेऊन जातो.

तीन. बाटली फोडायचा प्रश्न फोनवर सुटतो. आजूबाजूच्या तीन पाड्यांवरची नऊ महिन्यांची पोरं किती, हे यादीत असतंच. मग त्यांना एका दिवशी एका ठिकाणी बोलवा, गाडी पाठवा. यंत्राचा हा उपयोग करा की!

चार. आशेचा फोन, रिचार्ज, रात्रीची वेळ, या सगळ्याचे पैसे. मोबदला नको, पगार. आईच्या खाड्याचेही पैसे.

पाच. कागदाचं कार्ड राहिलंच पाहिजे. मोबाईल नाही, आधार जोडलेलं नाही, ओटीपी आला नाही, म्हणून एकाही पोराला सुई नाकारता कामा नये.

आपल्यातली कितीतरी पोरं आज हिंजवडीत, ऐरोलीत कॉम्प्युटरसमोर बसून परक्या देशांच्या दवाखान्यांचे प्रोग्रॅम लिहितात. त्यांना सांगणं आहे. पुढच्या सुट्टीत गावाला गेलात की आरोग्यकेंद्रात जा. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, तो खिशात घेऊन जा. गेल्या वर्षी आपल्या वस्तीत सत्रं ठरली किती, भरली किती, कुठली लस किती वेळा संपली, लेखी मागा. आशेच्या शेजारी एक दिवस बसा, ती ॲप कसं भरते ते बघा. मग ते ॲप आपल्या बाजूचं कसं करायचं ते तुमचं डोकं तुम्हाला सांगेल. कोड लिहिता येणारी पहिली पिढी आपण आहोत. रजिस्टर कुणाच्या हातात असावं, हे ठरवायची ताकद आपल्याकडं पहिल्यांदाच आलीय.

नऊ महिन्यांच्या पोराला गोवर वाट बघत थांबत नाही. त्याला रेंज लागत नाही, ओटीपी लागत नाही. तो थेट घरात शिरतो. लस तेवढ्याच सरळ आमच्या दारात आली पाहिजे. येत नसेल तर का येत नाही, याचा मेसेज आता आपण पाठवायचा. वरच्यांना. रोज. उत्तर येईपर्यंत.